विसणाचं पाणी

सुलोचना राव यांचं नाव सर्वांत आधी लिहितो, कारण त्या नसत्या तर या अंकासाठी लिहिण्यासारखं माझ्याकडे काहीच नसतं. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, लेथ आणि प्रेसच्या खडखडाटाने भरलेल्या एका गल्लीत, त्यांचा उन्हावर पाणी तापवणाऱ्या बंबांचा छोटा कारखाना होता. कामगारांपासून बँकेच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना सुलोचनाक्का म्हणत. मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा मला इंग्रजीत धड चार वाक्यं बोलता येत नव्हती. आज मी लोकांच्या घरात जाऊन वीज कुठे वाया जाते ते शोधून देतो आणि लोक माझा शब्द मानतात. तिथून इथवर मला अक्कांनी आणलं.

दोन वर्षांपूर्वी महादेवपुऱ्यातल्या एका मोठ्या इमारतीने गच्चीवरचे सौर बंब भंगारात काढायचं ठरवलं. ते अक्कांच्या कारखान्याचं शेवटचं मोठं काम होतं. आणि ते बंब निकामी झाले आहेत असं लिहून देण्यासाठी इमारतीने बोलावलं ते नेमकं मला. ती हकीकत सांगायची आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मराठी शाळेत शिकलो, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालो, आणि पदवीची फाइल घेऊन बेंगळुरूला आलो. मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीत प्रश्न कळायचा, उत्तरही ठाऊक असायचं, पण तोंडातून बाहेर येईपर्यंत समोरचा पुढच्या उमेदवाराकडे वळलेला असायचा. मग मी पीण्यात एकेका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहू लागलो. अक्कांनी मला आत बोलावलं, फाइल उघडली नाही, आणि विचारलं, "तुमच्या घरी आंघोळीचं पाणी कोण तापवतं?"

मराठी ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं, असं त्या सांगत. घरात मराठी बोलत, पण लिहिणं-वाचणं सगळं कानडीत. त्यांच्या मराठीत स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, असे कानडी शब्द खडीसाखरेसारखे मधूनमधून लागत.

मी सांगितलं, आई तापवते, चुलीवर, तंबाखूच्या काड्या जाळून. मग त्यांनी विचारलं की आधी कोण आंघोळ करतं, शेवटी कोण, आणि पाणी पुरेल की नाही हे आईला कसं कळतं. मी सांगितलं की वडील वखारीत जातात म्हणून ते पहिले, आई सगळ्यांत शेवटी, आणि पाणी कमी पडलं तर तिच्याच वाट्याला कमी पडतं. अक्कांनी फाइल परत दिली. "सरी. उद्यापासून ये. जळण आणि आंघोळ ह्यांचा संबंध तुला कळतो. बाकीचं शिकवता येतं."

बाकीचं म्हणजे काय, ते या धंद्याबाहेरच्या वाचकांना थोडक्यात सांगतो. सौर बंबात दोन गोष्टी असतात. एक, काळ्या तांब्याच्या पत्र्याची, वर काच लावलेली चौकट, ती उन्हात तापते. दुसरी, तिच्या वरच्या बाजूला ठेवलेली, कापसाच्या गादीसारखं जाड अस्तर असलेली टाकी. गरम पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं, आणि दिवसभर हा फेरा चालू राहतो. पंप नाही, आवाज नाही. संध्याकाळपर्यंत टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच राहतं. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून टाकीत विजेची एक कॉइल बसवलेली असते. तिचं बटण अगदी गरज पडली तरच दाबायचं.

एखाद्या घरात पाणी तापवायला केवढी वीज जाते, याची लोकांना कल्पना नसते. दिवा दिसतो, पंखा दिसतो, म्हणून मुलांना दिवे बंद करा म्हणून ओरडतात. बाथरूममधला गीझर मात्र दाराआड बसून मुकाट्याने वीज खातो. हे अक्का सर्वांना सांगत, आणि कुणी ऐकलं नाही तरी सांगत.

बंब विकण्याआधी त्या घरात जाऊन चौकशी करायचा त्यांचा नियम होता. आम्ही कारखान्यात तिला 'आंघोळीची चौकशी' म्हणत असू. घरात माणसं किती, एवढं विचारून भागत नसे. पहाटे कोण उठतं, केस कोणत्या वारी धुतात, तेल लावून न्हाण्याचा दिवस कोणता, जावई येतात तेव्हा किती दिवस राहतात, हे सगळं विचारायचं. मला सुरुवातीला फार लाज वाटे. बसवनगुडीतले एक वकील माझ्यावर भडकलेच. त्यांच्या स्वयंपाकघरातून मात्र बाईंनी हाक मारून सांगितलं की हे रोज दोनदा न्हातात, तेवढं लिहून घ्या. त्यांना एक माप मोठी टाकी दिली. ती अजून चालू आहे.

आमच्या शहराने एक चांगलं काम केलं, ते अभिमानाने सांगावंसं वाटतं. ठराविक आकाराच्या नव्या घरावर सौर बंब असल्याशिवाय वीजजोडणी मिळणार नाही, असा नियम आला. बंब लावणाऱ्याला बिलात थोडी सूटही मिळू लागली. बेंगळुरूच्या कुठल्याही उंच जागेवरून खाली पाहा, गच्च्यांवर टाक्याच टाक्या दिसतील. एक साधा सरकारी नियम इतक्या घरांत इतक्या लवकर पोचलेला मी दुसरा पाहिला नाही.

पण नियमाला डोळे नसतात. तपासणीपुरती टाकी चढवायची आणि नळाला जोडायचीच नाही, असेही लोक निघाले. देवनहळ्ळीकडे शेतं जाऊन प्लॉट पडू लागले होते. तिथल्या एका नव्या बंगल्यात पाणी तापत नाही म्हणून मला बोलावलं. गच्चीवर जाऊन पाहतो, तर टाकीचा एकही पाइप कुठेच गेलेला नाही. मालक भोळे गृहस्थ होते. बंब गच्चीवर असला की घरातलं पाणी आपोआप तापतं, अशी त्यांची समजूत करून दिलेली होती. वर्षभर ते नळाखाली हात धरून वाट पाहत होते. असल्या नुसत्या दाखवायच्या टाक्यांच्या ऑर्डरी अक्कांकडेही येत. त्या म्हणत, "नळ जोडणार असाल तर देते. शोभेला हवी असेल तर प्लास्टिकची ठेवा, हलकी पडेल." गिऱ्हाईक निघून जाई. पुढे स्वस्त काचनळ्यांचे बंब बाजारात आले, आणि तांब्याचे पत्रे ठोकणारा आमचा कारखाना त्यांच्यापुढे टिकला नाही. बंद होताना प्रत्येक कामगाराला दुसरीकडे लावून दिल्यावरच अक्का फाटकातून बाहेर पडल्या. पत्र्यांच्या आवाजाने त्यांचे कान तोवर जवळजवळ गेलेच होते.

मी घरांच्या वीजतपासणीचं काम सुरू केलं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मिळवलं, मोजायची यंत्रं घेतली, पण खरं भांडवल अक्कांची चौकशीच होती. मल्लेश्वरमच्या एका घरात नवा, पाच तारे असलेला फ्रिज घेऊनही बिल वाढलं म्हणून तक्रार होती. चौकशी करता करता कळलं की जुना फ्रिज मागच्या बाल्कनीत चालू आहे, आणि त्यात मोगऱ्याच्या माळा आणि इडलीचं पीठ एवढंच असतं. बाईंनी जुना फ्रिज काढायला ठाम नकार दिला, कारण तो लग्नातला होता. शेवटी त्याचं कपाट झालं. आजही त्यात पापड असतात.

पीण्याच्या मागच्या वस्तीतली एक शिवणकाम करणारी बाई मला नेहमी आठवते. राज्यात दोनशे युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत झाली, तेव्हा बरेच जण बेफिकीर झाले. ही उलट सावध झाली. मर्यादा ओलांडली की सगळंच हातचं जाईल म्हणून ती उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून शिवत बसायची. तिच्या पत्र्याच्या छताला आम्ही पांढरा चुन्याचा थर दिला आणि जुना जड पंखा काढून कमी वीज खाणारा नव्या पद्धतीचा पंखा बसवला. तो आता दिवसभर चालतो. मला विचाराल तर सरकारी योजना तिच्यासारख्यांच्या हातात पडते तेव्हाच पुरी होते.

तर महादेवपुरा. त्या भागात आयटी पार्क आहेत आणि देशभरातून आलेली माणसं. इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष कुलकर्णी म्हणून पुण्याचे होते, माझ्याहून वयाने लहान, हुशार आणि सरळ. त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि सांगितलं, "मोरे, लॉजिक सिंपल आहे. सोलर फुकट म्हणतात, आणि आमचं कॉमन बिल बघा. खालच्या मजल्यांना गरम पाणी येत नाही. प्रत्येकाने बाथरूममध्ये गीझर लावलाय. मग ही अडगळ कशाला? काढली की सोलर विजेचे पॅनेल बसतील. तुम्ही फक्त निकामी आहे असं लिहून द्या, म्हणजे सभेत वाद नको."

टाक्यांवर आमच्या कारखान्याची पितळी पट्टी होती. मी त्यांना लगेच सांगितलं की या टाक्या माझ्या गुरूंच्या आहेत आणि यातल्या काही मी स्वतः चढवल्या आहेत, तेव्हा तुम्ही दुसरा माणूस शोधा.

"मग तर बरंच," ते म्हणाले. "आतलं तुम्हालाच माहीत असणार. फक्त गुरुदक्षिणा रिपोर्टमध्ये देऊ नका."

ते बोलणं मला लागलं, पण त्यात चूक काही नव्हतं. बंब खरंच गेले असतील तर तसं लिहायला मी बांधलेला होतो. आणि तसं लिहिलं, तर अक्कांनी बनवलेलं शेवटचं मोठं काम माझ्या सहीने भंगारात जाणार होतं.

पहिला दोष लवकर सापडला. इमारतीचे पहारेकरी बसवराज संध्याकाळी जिन्याचे दिवे लावत, त्याच फळीवर शेजारी कॉइलचं बटण होतं. तेही ते रोज दाबत. मी विचारलं, तर त्यांनी शांतपणे सांगितलं की एका थंडीत कुणी तरी लावायला सांगितलं होतं, बंद करायला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे रात्रभर विजेवर पाणी तापत होतं. सकाळी सूर्य वर येई तेव्हा टाकी आधीच गरम, त्याला काही कामच उरत नसे. सोलर दिवसभर नुसता उन्हात बसून राही आणि बिल विजेचं येई. शिवाय काचांवर धूळ इतकी, की तिच्यावर बोटाने नाव लिहिता आलं असतं.

टाक्या मात्र ठणठणीत होत्या. तांबं शाबूत, अस्तर शाबूत. मला केवढा आनंद झाला, तो मी कुलकर्णींना दाखवला नाही.

पण खालच्या मजल्यांना पाणी का येत नाही, हे काही सुटेना. मी दारोदार जाऊन चौकशी सुरू केली. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच. नळ सोडला की गारच पाणी येतं, वाट पाहून कंटाळा येतो, ऑफिसला उशीर होतो, मग गीझर लावतो. फक्त पहिल्या मजल्यावरच्या शेवटच्या घरात, म्हणजे गच्चीपासून सर्वांत लांबच्या नळावर, तक्रार नव्हती. तिथे हासनहून मुलाकडे राहायला आलेल्या शारदम्मा होत्या. त्यांचा गीझर बसवल्यापासून कधी लावलाच नव्हता.

मी त्यांना विनंती केली की तुम्ही आंघोळीचं पाणी कसं काढता ते दाखवा. त्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. तरी त्यांनी नळाखाली बादली ठेवली, फक्त गरम पाण्याचा नळ सोडला आणि मला कॉफी विचारायला निघून गेल्या. आधी पाइपात साठलेलं गार पाणी बादलीत पडलं. मग कोमट. मग वाफ येणारं. बादली भरली तेव्हा पाणी बरोबर आंघोळीचं होतं. त्या कानडीत म्हणाल्या की आधी गार येतं, मग आग येते, दोन्ही एकत्र झालं की न्हायचं, यात बघण्यासारखं काय आहे?

मी त्या बादलीकडे बघत उभा राहिलो. कढत पाण्यात गार पाणी घालायचं, त्याला आपण विसण म्हणतो. आमची आई चुलीवरचं पाणी बादलीत ओतून मग विसण घालायची. शारदम्मांचं विसण पाइपातूनच आधी येत होतं. वाया थेंब जात नव्हता, वाट पाहावी लागत नव्हती. बाकीच्या घरांत शॉवर. ते पाइपातलं गार पाणी मोरीत सोडून देत, आणि नंतर आलेलं कढत पाणी सोसवेना म्हणून दुसऱ्या नळातून पुन्हा गार पाणी घेत. नाही तर गारच बघून गीझरचं बटण दाबत.

त्या रविवारी मी जुन्या बेंगळुरूतल्या चामराजपेटला अक्कांकडे गेलो. त्या भाचीकडे राहत होत्या. त्यांच्या कानाशी बसून मोठ्याने सांगावं लागे, म्हणून मी गच्चीचा आणि पाइपांचा नकाशाच काढून नेला होता. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "तिथे आपण चौकशी केली होती का रे?"

"अक्का, तेव्हा तिथे कुणी राहायलाच आलं नव्हतं. बिल्डरने नुसता नकाशा दिला होता."

"मग मी कुणाच्या आंघोळी धरल्या?"

"चामराजपेटच्या," मी म्हटलं.

त्या हसल्या. भाची आतून बघायला आली, इतक्या हसल्या. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "परतीची नळी घातली नाही मी. बादली असेल, असं धरून चालले. ते लिही."

परतीची नळी म्हणजे पाइपात गार झालेलं पाणी फिरवून पुन्हा टाकीकडे नेणारी नळी. ती असली की नळाशी गरम पाणी कायम हजर असतं. लांबलचक इमारतीत ती हवीच होती.

मी म्हटलं की बनवणाऱ्याची चूक असं मी लिहिलं, तर सभेला तेवढंच निमित्त पुरेल, टाक्या उतरवतील. बसवराजचं बटण, धूळ, लोकांच्या सवयी, एवढं लिहूनही रिपोर्ट खराच राहील.

"उतरवू देत," अक्का म्हणाल्या. "माझी चूक लिहिली नाहीस, तर त्यांची चूक ते कशाला मानतील? त्या कुलकर्णीच्या जागी बसून स्वल्प बघ." मग माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "आणि टाक्या चांगल्या आहेत म्हणालास ना? तेही लिही. मोठ्या अक्षरात."

कारखाना चालवताना त्या अशाच होत्या. गिऱ्हाइकाचा दोष दाखवायच्या आधी आपला दाखवायच्या. पण आता कारखाना नव्हता, नाव राखण्यासाठी धंदा नव्हता, आणि तरीही त्या तशाच होत्या. त्या दिवशी परत येताना मी बसमध्ये उभाच राहिलो, बसायला जागा असून.

मी सगळं लिहिलं. टाक्या उत्तम. कॉइल चुकीच्या वेळी चालू. काचा अस्वच्छ, पाइपांवरचं आवरण उन्हाने फाटलेलं. परतीची नळी नाही, ही बनवणाऱ्या कारखान्याची चूक. आणि सभेत विनंती केली की एक महिना थांबा. विजेचे पॅनेल चांगलेच आहेत, मीही लोकांना घ्यायला सांगतो. पण उन्हाची वीज करायची आणि त्या विजेने पुन्हा पाणी तापवायचं, यापेक्षा उन्हाने थेट पाणी तापवायला गच्ची पुष्कळ कमी लागते. परतीची नळी होईपर्यंत तुम्ही फक्त बादली ठेवा आणि गरम नळ आधी सोडा.

एक गृहस्थ म्हणाले की महादेवपुऱ्यात फ्लॅट घेऊन आता बादलीने आंघोळ करायची का. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा कुलकर्णी बोलले.

"ह्या माणसाने स्वतःच्या गुरूची चूक लेखी दिली आहे. एक महिना तरी देऊ या त्याला."

त्या महिन्यात मी तिथे जवळजवळ राहिलोच. काचा धुतल्या, पाइपांना नवं आवरण गुंडाळलं, कॉइलचं बटण जिन्याच्या दिव्यांपासून दूर नेलं. बसवराजनी नव्या बटणावर स्वतःहून कागद चिकटवला, 'ढग असेल तरच'. आणि प्रत्येक दाराशी जाऊन, इमारत वसल्यानंतर इतक्या वर्षांनी, मी अक्कांची चौकशी पूर्ण केली. कोण रात्री जिममधून येऊन न्हातं, कोण सकाळी, केस कोणत्या वारी. एका तरुण जोडप्याने मला हाकलूनच दिलं. पण बाकीचे बोलले. माणसांना आपल्या आंघोळीबद्दल बोलायला आवडतं, फक्त कुणी विचारत नाही.

महिन्यानंतरच्या सभेचा निकाल लागला तेव्हा अक्का भाचीबरोबर शिवमोग्ग्याला राहायला गेल्या होत्या. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. म्हणून मी पत्र लिहिलं. भाषा मराठी, अक्षरं कानडी, कारण त्यांना तीच वाचता येतात. ते इथे देवनागरीत उतरवून देतो.

*

अक्का,

साष्टांग नमस्कार.

सभा झाली. तुमच्या निम्म्या टाक्या राहिल्या, निम्म्या उतरल्या. पूर्वेकडच्या भागाला परतीची नळी घालता येते, ते काम सुरूही झालं. पश्चिमेकडे भिंती फोडाव्या लागल्या असत्या, म्हणून तिथे आता पॅनेल बसतील. मला सगळ्या ठेवायच्या होत्या. पण निर्णय योग्य आहे असं मलाही वाटतं, आणि तुम्हीही तेच म्हणाल.

काल संध्याकाळी उतरवायचं काम होतं. मी मुद्दाम गेलो. दिवसभर स्वच्छ ऊन होतं. टाकीच्या तळाची तोटी उघडून प्लंबर पाणी गच्चीवर सोडून देणार, इतक्यात मी धारेखाली बोट धरलं आणि चटका बसला. मी त्याला थांबवलं आणि खाली निरोप पाठवला की ज्यांना हवं त्यांनी पाणी घेऊन जावं.

कोणी येईल असं वाटलं नव्हतं. आधी शारदम्मा लिफ्टने आल्या, बादली आणि तांब्या घेऊन. मग एकेक जण येऊ लागला. कुणाकडे रंगाचा डबा, कुणाकडे कपड्यांचा टब. बादलीच्या आंघोळीला हसलेले ते गृहस्थसुद्धा आले. त्यांच्या घरात बादली नव्हती, म्हणून बसवराजची घेऊन आले. गच्चीवर रांग लागली होती, अक्का.

शेवटी कुलकर्णी आले. बादली भरल्यावर त्यांनी विचारलं, "मोरे, ह्यात विसण किती घालायचं?" हा शब्द त्यांनी किती वर्षांनी काढला, कोण जाणे. मी म्हटलं, हाताला विचारा. त्यांनी बोट बुडवलं आणि झटकन काढून घेतलं. म्हणाले, "रात्री कुणी कॉइल लावली होती का?"

नव्हती लावली, अक्का. टाक्या उतरवायच्या म्हणून तिच्या तारा आदल्या दिवशीच काढल्या होत्या. ते नुसतं ऊन होतं.

तुमचा,
दत्ता